एप्रिलमध्ये ब्रिटन काय खातं?

गेल्या एप्रिलमध्ये मी एक खुळेपणा केला. महिनाभर फक्त ब्रिटनमध्ये पिकलेलंच खायचं, असं ठरवलं. चहा, हळद आणि हिंग यांना सूट. तेवढी माया स्वतःवर दाखवली. केंब्रिजजवळच्या इली गावाच्या शनिवारच्या बाजारात नेहमीच्या भाजीवाल्या आजोबांना मोठ्या उत्साहानं हे सांगितलं, तर ते हसायलाच लागले. लीकची, म्हणजे कांद्याच्या कुळातल्या जाडजूड पातीची, जुडी माझ्या पिशवीत टाकत म्हणाले, "मग जूनमध्ये सुरुवात करायची होतीस की!"

त्या दिवशी त्यांच्याकडे इथलं म्हणण्यासारखं काय होतं? लीक, जांभळी ब्रोकोली, कोबीची सुटी कोवळी पानं, आणि रूबार्ब, ज्याचे आंबट दांडे खातात. बाकी बटाटे, गाजरं, बीट, पण ती सगळी गेल्या हंगामातली, साठवणीतून काढलेली. कॅथीड्रलसमोरच्या हिरवळीवर डॅफोडिल फुललेले, छान ऊन पडलेलं, आणि भाजीवाल्याचं टेबल अर्धं रिकामं.

रस्त्यापलीकडच्या सुपरमार्केटात मात्र सगळं काही होतं. पाकिटं उलटीसुलटी करून वाचत गेले. फरसबी केनियाची, टोमॅटो मोरोक्कोचे, ढोबळी मिरची स्पेनची, सफरचंदं न्यूझीलंडची. आणि द्राक्षांवर लिहिलेलं: भारत. भारतात कुठली, हे मला लेबलानं सांगायची गरज नव्हती. माझे मामा निफाड तालुक्यात द्राक्षंच लावतात.

इथले शेतकरी एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंतच्या या दिवसांना 'हंग्री गॅप' म्हणतात. आपल्याकडे आखाडात कणगी तळाला जायची आणि नवं पीक अजून शेतात असायचं, तसलेच हे दिवस. आपल्याकडे धान्य संपायचं, यांच्याकडे भाजी संपते. डिसेंबर-जानेवारीत शेतात उभी असलेली कोबी, लीक, पार्सनिप (पांढऱ्या गाजरासारखं कंद) ही थंडी सोसणारी पिकं. ती हिवाळ्यात फारशी वाढत नाहीत, नुसता तग धरून असतात. मार्च उजाडून दिवस मोठा व्हायला लागला की त्यांना फुलोऱ्याची घाई होते. कोबीला फुलांचा दांडा फुटतो, लीकच्या मधोमध लाकडासारखा कडक कोंब येतो, साठवणीतल्या बटाट्यांना डोळे फुटतात. जुनं असं संपत आलेलं असतं आणि नव्याचा अजून पत्ता नसतो, कारण जमीन गार असते. मार्चमध्ये पेरलेलं बरंचसं मेअखेरीशिवाय हाती येत नाही. म्हणजे झाडंझुडपं कोवळ्या पानांनी भरतात त्याच दिवसांत ताट रोडावतं. 'वसंतात सुबत्ता' हे चित्र ज्याच्या डोक्यात बसलंय त्याला हे पटायला वेळ लागतो. मला दहा वर्षं लागली.

या फटीत माणसांनी हिकमतीनं दोन-चार पिकं बसवली आहेत. यॉर्कशरमध्ये वेकफील्डच्या आसपास रूबार्बचे गड्डे हिवाळ्यात शेतातून उपटून अंधाऱ्या, ऊबदार शेडमध्ये आणून लावतात. उजेड नसल्यामुळे दांडे उजेडाच्या शोधात भराभर वर येतात, गुलाबी आणि कोवळे राहतात. उजेड लागला की ते निबर होतात, म्हणून तोडणीही मेणबत्तीच्या प्रकाशात करतात. जानेवारी ते मार्च हा त्याचा हंगाम. मग २३ एप्रिलला, सेंट जॉर्जच्या दिवशी, शतावरीच्या कुळातल्या अ‍ॅस्परॅगसचा मोसम सुरू झाला असं मानतात. तो २१ जूनच्या आसपास संपवतात, कारण त्यापुढेही तोडत राहिलं तर पुढच्या वर्षासाठी झाडात जोर उरत नाही. पण रूबार्ब आणि अ‍ॅस्परॅगस यांवर घर चालत नाही.

आता आकडे. ब्रिटनला लागणाऱ्या अन्नापैकी साधारण ६० टक्के ब्रिटनमध्ये तयार होतं, असं सरकारी अहवाल सांगतात. १९८४ मध्ये हाच आकडा ७८ टक्क्यांपर्यंत गेला होता. ऐकायला ६० टक्के बरे वाटतात, पण ही सरासरी फसवी आहे. दूध देशाला पुरून उरतं. मेंढीचं मांस जवळजवळ पुरतं. गहू, जव, ओट या धान्यांची बाजू भक्कम. भाज्यांवर आलो की आकडा निम्म्याच्या थोडासा वर उतरतो, आणि फळांचा तर जेमतेम सहावा हिस्सा इथला.

शिवाय हा हिशेब किमतीचा असतो. देशात किती पौंडांचा माल तयार झाला, त्याला देशात किती पौंडांचा खपला यानं भागायचं. यात निर्यात झालेला मालही 'तयार झाला' म्हणून धरला जातो. घरचं तूप विकून बाजारातून पामतेल आणणाऱ्याची वही कशी अगदी बरोबर जुळते, तसं हे. माशांच्या बाबतीत तर हे उघडं दिसतं. सर्वसाधारण ब्रिटिश माणूस पाचच मासे ओळखतो: कॉड, हॅडॉक, सामन, ट्यूना आणि कोळंबी. फिश अँड चिप्समधला कॉड बहुतेक वेळा आइसलँड-नॉर्वेकडच्या थंड समुद्रातला असतो. उलट ब्रिटिश बोटींनी पकडलेले खेकडे, लँगुस्टीन (छोट्या शेवंडासारखे) आणि मॅकरेल मोठ्या प्रमाणावर परदेशी जातात. मॅकरेल म्हणजे आपल्या बांगड्याचा चुलतभाऊ! मालवणी घरातून इथे आलेल्या माणसाला याचं कोडं उलगडत नाही, आणि माझ्या मते ते न उलगडण्यासारखंच आहे.

ही सवय जुनी आहे. १८४६ मध्ये ब्रिटनच्या संसदेनं धान्यावरच्या आयात-जकातीचे कायदे रद्द केले. कारखान्यांतल्या कामगारांना स्वस्त पाव हवा होता, आणि जमीनदारांच्या विरोधाला न जुमानता तो त्यांना मिळाला. अमेरिका-कॅनडाचा गहू आला. १८८२ मध्ये 'डनेडिन' नावाचं शिडाचं जहाज न्यूझीलंडहून गोठवलेलं मांस घेऊन लंडनला पोचलं, आणि जगाच्या दुसऱ्या टोकाची मेंढी इथल्या कसायाच्या आकड्याला लटकू लागली. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा या देशाचं सुमारे दोन तृतीयांश अन्न समुद्रावरून येत होतं. जर्मन पाणबुड्यांनी जहाजं बुडवायला सुरुवात केली आणि 'फक्त इथलंच खायची वेळ आली तर?' हा जिवावरचा प्रश्न होऊन बसला.

त्या प्रश्नाचं उत्तर केंब्रिजमध्ये दोन शास्त्रज्ञांनी स्वतःच्या पोटावर शोधलं. एल्सी विडोसन आणि रॉबर्ट मॅकन्स. १९३९ च्या शरद ऋतूत त्यांनी आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनी असा आहार सुरू केला, की जणू परदेशी अन्न येणं जवळपास थांबलंय. आठवड्याला एक अंडं. मांस, लोणी, साखर, दूध मोजून-मापून. पण कोंड्यासकट दळलेल्या पिठाचा पाव, बटाटे आणि भाज्या हव्या तितक्या. असे तीन महिने काढले. मग ही माणसं धडधाकट राहिली आहेत की नुसती जिवंत आहेत, हे तपासायला ती भर हिवाळ्यात लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरात गेली आणि दिवसदिवस चालली, चढली, सायकली मारल्या.

निकाल काय? तब्येती ठणठणीत. तक्रारी दोन. एक म्हणजे एवढा पाव आणि बटाटे चावून संपवायलाच खूप वेळ जातो. दुसरी पोटातल्या वायूची, जी त्यांनी शास्त्रज्ञाच्या सरळपणानं नोंदवून ठेवली. खरी उणीव त्यांना सापडली ती कॅल्शियमची: दूध-चीज कमी पडलं, आणि कोंड्यातला फायटेट नावाचा घटक मिळेल ते कॅल्शियमही शरीराला नीट लागू देत नाही. उपाय त्यांनी सुचवला तो साधा, पिठात खडूची पूड मिसळा. युद्धकाळात ती मिसळली गेली. आजही ब्रिटनमध्ये गव्हाच्या पांढऱ्या पिठात कॅल्शियम कार्बोनेट घालणं कायद्यानं बंधनकारक आहे. आपण इथे मैदा आणतो तेव्हा पाकिटामागच्या घटकांत ते लिहिलेलं असतं; युद्धाची ही खूण सहसा कुणी वाचत नाही.

म्हणजे पोट भरणं शक्य आहे, हे तेव्हाच ठरलं. रेशनिंग जानेवारी १९४० ला सुरू झालं आणि पार जुलै १९५४ पर्यंत चाललं. त्या भुकेची धास्ती एवढी बसली, की १९४७ च्या कायद्यानं शेतकऱ्याला भावाची हमी मिळाली, उत्पादन चढत गेलं. १९८४ च्या त्या ७८ टक्क्यांमागे हीच पुण्याई. पुढे लोकांना जानेवारीतही स्ट्रॉबेरी हवीशी वाटू लागली, युरोपातून रातोरात ट्रक येऊ लागले आणि आकडा पुन्हा घसरला.

आता माझ्या ताटाकडे येते. पोळी, वरण, भात, भाजी. यातलं ब्रिटिश काय करता येईल?

पोळीची चिंता नव्हती. इथे गहू भरपूर होतो, जरी त्यातला मोठा हिस्सा जनावरांच्या खाद्यात जात असला तरी. ब्रिटिश गव्हाची जुनी अडचण अशी, की ओलसर, थंड हवेमुळे त्यात प्रथिनं कमी भरतात. बिस्किटाला चांगला, पावाला मऊ. म्हणून पाववाले कॅनडाचा कडक गहू मिसळायचे. १९६१ मध्ये लंडनजवळच्या चॉर्लीवूडमधल्या संशोधकांनी कणीक यंत्रात अतिशय जोरानं मळून कमी प्रथिनांच्या गव्हाचाही पाव फुगवायची रीत काढली. इथला तो कापसासारखा पांढरा स्लाइस ब्रेड त्याच रीतीचा. पावाची चव त्यानं घालवली असं बरेच जण म्हणतात आणि मीही म्हणते, पण ब्रिटिश गहू ब्रिटिश पावात आला तो त्याच्यामुळे. माझ्या पोळ्या जात्यावर दळलेल्या इथल्या गव्हाच्या पिठाच्या झाल्या. लोकवनची सर नाही, पण फुगल्या.

भात बाद. तांदूळ इथे बाजारासाठी पिकत नाही. २०२५ मध्ये केंब्रिजशरच्या सखल भागात संशोधकांनी प्रयोगापुरता लावून कापला, तेवढंच. भाताच्या जागी मी जव शिजवला. पहिल्या दिवशी चांगला लागला. नवव्या दिवशी नवऱ्यानं विचारलं, "आज पण खिचडी आजाऱ्याची?"

वरणानं मात्र मला थक्क केलं. इंग्लंडच्या पूर्व भागात फावा नावाची कडधान्याची शेंग वर्षानुवर्षं पिकते. ही म्हणजे ब्रॉड बीनचीच वाळवून ठेवायची जात. उत्तर भारतात तिला बाकला म्हणतात. ब्रिटिश माणूस ती खात नाही. एक तर ती जनावरांपुढे जाते, नाहीतर जहाजानं इजिप्तला, तिथल्या लोकांच्या रोजच्या न्याहारीतल्या 'फूल मुदम्मस'साठी. आणि ब्रिटिश माणूस स्वतः न्याहारीला काय खातो? बेक्ड बीन्स. त्यातला पांढरा घेवडा जवळजवळ सगळा उत्तर अमेरिकेतून येतो. इकडच्या शेंगा तिकडे आणि तिकडच्या इकडे! सफोकमधल्या हॉडमेडॉड्स या छोट्या कंपनीनं २०१२ पासून ही फावा आणि जुन्या जातीचे वाटाणे ब्रिटिश गिऱ्हाइकालाच विकायला सुरुवात केली. वॉरिक विद्यापीठानं तर इथल्या थंडीत तयार होईल अशा पांढऱ्या घेवड्याच्या नव्या जाती काढल्या आहेत.

फावाची साल काढलेली डाळ मिळते. कुकरला तीन शिट्ट्या जास्त लागल्या आणि तुरीचा गोडवा तिला नाही. किंचित कडवट, मातीसारखा वास. पण घोटली की दाट होते. फोडणीत रेपसीडचं तेल आणि मोहरी. ही दोन्ही इथलीच, कारण मे महिन्यात इंग्लंडची शेतं जी पिवळीधमक दिसतात तो रेपसीड मोहरीचाच भाऊबंद, आणि नॉर्विच परिसरात मोहरी दोनशे वर्षांपासून लावतात. कोथिंबीर उन्हाळ्यात मिळते. एप्रिलमध्ये माझ्या खिडकीतल्या कुंडीतली चार पानं. जिरं नाही, म्हणून वरण थोडं पोरकं वाटलं.

साखरेचं बघायला गेले तर गावाकडची आठवण आली. ब्रिटनमध्ये ऊस होत नाही, पण शुगरबीट होतं, आणि त्याचे चार कारखाने पूर्व इंग्लंड आणि मिडलंड्समध्ये आहेत. सप्टेंबरपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत ट्रॅक्टर-ट्रेलरच्या रांगा, धुराडी, तो उकडलेला वास. याला ते 'कँपेन' म्हणतात. आपण गळीत हंगाम म्हणतो. चोथा जनावरांना घालतात तेही तसंच. दुकानात एकाच फळीवर दोन पांढऱ्या साखरा असतात: 'सिल्व्हर स्पून' ही इथल्या बीटाची आणि 'टेट अँड लाइल' ही परदेशी उसाची, लंडनमध्ये शुद्ध केलेली. चवीला सारख्याच. इथलंच खायचं असेल तर निवड करायला ही सगळ्यात सोपी जागा.

अवघड जागा म्हणजे पाकिटावरचा झेंडा. ताज्या मांसावर, मधावर आणि बहुतेक ताज्या भाज्या-फळांवर मूळ देश लिहावाच लागतो, तिथे फसगत कमी. अंड्यावर तर सगळी कुंडलीच छापलेली असते. १यूके आणि पुढे क्रमांक असेल, तर १ म्हणजे मोकळी फिरणारी कोंबडी, ० म्हणजे सेंद्रिय, २ म्हणजे शेडमधली, ३ म्हणजे पिंजऱ्यातली. यूके म्हणजे देश आणि उरलेले आकडे म्हणजे फार्म. पण माल शिजला, मुरला, भरला की नियम सैल होतात. कायद्याच्या भाषेत पदार्थात शेवटचा मोठा बदल जिथे झाला तो त्याचा देश. म्हणजे परदेशी डुकराचं मांस इथे खारवून बेकन केलं तर त्याच्यावर ब्रिटनचा झेंडा लावता येतो. एप्रिल २०२० पासून मुख्य घटक दुसरीकडचा असेल तर तसं लिहायचं बंधन आलं, तेही झेंडा असतो त्याच बाजूला. हॉटेलात मात्र विचारल्याशिवाय काही कळत नाही. मी एका खानावळीत सूपमधल्या कांद्याचं गाव विचारलं होतं. वेट्रेस आत गेली ती बिलच घेऊन आली.

बरं, झेंडा खरा असला तरी प्रश्न संपत नाही. ब्रिटिश कोंबडी इथे जन्मली, इथेच वाढली हे कबूल. तिच्या खाद्यातलं सोयाबीन बहुतेक दक्षिण अमेरिकेतून येतं. ब्रिटिश गव्हाला नत्रखत लागतं, ते अमोनियापासून बनतं, आणि बिलिंगहॅमचा अमोनियाचा मोठा कारखाना गॅस महागल्यामुळे थांबला तो २०२३ मध्ये कायमचाच बंद झाला. आता अमोनिया बाहेरून येतो. ब्रिटिश स्ट्रॉबेरी तोडणारे हात किर्गिझस्तान, उझबेकिस्तान, ताजिकिस्तानमधून हंगामी व्हिसावर सहा महिन्यांसाठी आलेले असतात. यांतलं काही लपवलेलं नाही. पण 'इथलं' या शब्दाला किती पदर आहेत, ते एक-एक उकललं की लक्षात येतं. फावाचं मला म्हणूनच कौतुक वाटतं. तिच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र पकडून देतात, त्यामुळे तिला नत्रखताची गोणी लागत नाही.

आता सगळ्यांच्या तोंडी असणारा मुद्दा: जवळचं अन्न म्हणजे पर्यावरणाला चांगलं. 'फूड माइल्स' हा शब्द १९९० च्या दशकात टिम लँग या ब्रिटिश अभ्यासकांनी रूढ केला. शब्द एवढा सुटसुटीत आहे की माणूस मैल मोजून मोकळा होतो. पण जोसेफ पूअर आणि थॉमस नेमेचेक यांच्या २०१८ च्या मोठ्या अभ्यासानुसार, अन्नामुळे होणाऱ्या जगभरच्या हरितगृह वायूंत वाहतुकीचा वाटा ६ टक्क्यांच्या आसपास आहे. शेतात काय घडलं याचा भार त्याहून कितीतरी जास्त.

टोमॅटोचं उदाहरण घ्या. ब्रिटनमध्ये थंडीत टोमॅटो लावायचा तर काचघर हवं, आणि ते गॅस जाळून तापवावं लागतं. स्पेनमध्ये तेच काम ऊन फुकटात करतं. २००५ च्या एका सरकारी अहवालात टनामागे ब्रिटिश टोमॅटोचा कार्बनभार ट्रकनं आलेल्या स्पॅनिश टोमॅटोच्या जवळजवळ चौपट निघाला होता. आता काही काचघरं सांडपाणी केंद्रातल्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर चालतात, तेव्हा सगळ्यांना एका मापात मोजू नये. पण ऑगस्टमधला ब्रिटिश टोमॅटो आणि मार्चमधला ब्रिटिश टोमॅटो या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे मात्र खरं. फेब्रुवारी २०२३ मध्ये ते सगळ्यांनी पाहिलं. स्पेन-मोरोक्कोत हवा बिघडली, इकडे गॅस महाग म्हणून काचघरं रिकामी होती, आणि सुपरमार्केटांनी माणशी दोन-तीन टोमॅटोची पाकिटं अशी मर्यादा घातली. तेव्हाच्या पर्यावरणमंत्री थेरेस कॉफी यांनी संसदेत हंगामी खाण्याची आठवण करून देताना टर्निप म्हणजे सलगमचं नाव घेतलं. आठवडाभर देशानं त्यांची थट्टा केली. त्या चुकीचं मात्र बोलत नव्हत्या.

मैलांपेक्षा ते कापले कसे हे महत्त्वाचं. त्याच २००५ सालच्या सरकारी हिशेबात, ब्रिटनच्या अन्नवाहतुकीत विमानाचा वाटा टन-किलोमीटरमध्ये अवघा १ टक्का होता, आणि वाहतुकीच्या प्रदूषणात ११ टक्के. केनियाची फरसबी विमानानं येते. मामांची द्राक्षं जहाजानं येतात: थंड कंटेनरमध्ये, न्हावा शेवाहून, कित्येक आठवडे समुद्रावर. (२०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले तेव्हा आफ्रिकेला वळसा पडला आणि मामांची झोप उडाली, ते वेगळं.) आणि आपला हापूस? तो विमानानं येतो. नेमका एप्रिल-मेमध्ये, इथली शेतं सगळ्यात रिकामी असताना. या बाबतीत माझ्याकडे युक्तिवाद नाही. पेटी आली, मी खाल्ली.

समजा, ब्रिटननं भाजी जास्त पिकवायची ठरवली, तर कुठे? वेल्स आणि स्कॉटलंडच्या डोंगरांवर गवत आणि मेंढ्याच होतात. भाजीची जमीन म्हणजे मुख्यतः आमच्याकडचा फेन्सचा सपाट, काळा प्रदेश. इंग्लंडच्या भाज्यांपैकी सुमारे तिसरा हिस्सा इथून निघतो. ही पूर्वी दलदल होती. सतराव्या शतकापासून पाणी उपसून ती कोरडी केली. माती म्हणजे कुजलेल्या वनस्पतींचा थर, पीट. काळीभोर, भुसभुशीत, मुठीत घेतली तर कॉफीच्या चोथ्यासारखी. कोरडी पडली की ती आकसते, हवेशी संयोग होऊन जळाल्यासारखी नाहीशी होते, वाऱ्यानं उडते.

पीटरबरोच्या दक्षिणेला होम फेन नावाच्या रानात एक लोखंडी खांब आहे. शेजारचं विटलसी सरोवर उपसलं त्या सुमारास, १८५१ च्या आसपास, तो खालच्या चिकणमातीपर्यंत ठोकला आणि त्याचं डोकं जमिनीच्या पातळीला ठेवलं. मी त्याच्या शेजारी उभी राहिले तेव्हा ते डोकं माझ्या डोक्याच्याही बरंच वर होतं. जवळजवळ ४ मीटर. खांब तिथेच आहे. जमीन खाली गेली. आजूबाजूचा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे. माझ्या पिशवीतलं ते ब्रिटिश लीक या मातीतलं. मैल मोजायचे तर वीसही भरणार नाहीत. माती किती गेली ते मात्र लेबलावर नसतं.

मग करायचं काय? स्कॉटलंडच्या फाइफ परगण्यात २००७ मध्ये माइक स्मॉल आणि त्यांच्या कुटुंबानं वर्षभर फाइफमधलंच खायचं ठरवलं. त्यातून 'फाइफ डाएट' नावाची चळवळ झाली, हजारो लोक सामील झाले. त्यांनी लवकरच नियम सैल केला: ८० टक्के आसपासचं, २० टक्के बाहेरचं. चहा, मसाले, संत्री त्या २० टक्क्यांत. शहाण्या माणसांचा नियम वाटतो मला हा. १०० टक्क्यांचा हट्ट एप्रिलमध्ये मोडतो आणि मग माणूस सगळंच सोडून देतो. माझा हट्ट बाविसाव्या दिवशी मोडला, कांद्यावर. साठवणीतले ब्रिटिश कांदे आतून मऊ पडले होते, आणि कांद्याविना मी किती दिवस काढणार?

मामांना फोनवर हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगं, तिथल्या सगळ्यांनीच असं मनावर घेतलं तर आमच्या मालाचं काय?" मी म्हटलं, "मामा, इथे खायची द्राक्षं पिकतच नाहीत हो. जी होतात ती वाइनची. तुमची गाठ चिली आणि दक्षिण आफ्रिकेशी." "मग ठीक आहे," ते म्हणाले. "पण ते सलगम तुमचं तुम्हीच खा."

जूनच्या दुसऱ्या शनिवारी पुन्हा आजोबांच्या टेबलासमोर उभी राहिले तर ते ओळखू येईना: मटार, ब्रॉड बीन्स, नवे बटाटे, लेट्यूस, स्ट्रॉबेरी, पातीचे कांदे. "आता सुरू कर," ते म्हणाले. दोन किलो ब्रॉड बीन्स घेतल्या. शेंगेच्या आत पांढरा मऊ कापूस असतो आणि त्यात दाणे झोपल्यासारखे पडलेले. सोलून दोन वाट्या जेमतेम भरल्या. पावट्याची करतो तशी उसळ केली: तेल इथलं, मोहरी इथली, कांदा इथला, कोथिंबीर कुंडीतली. हळद अर्थातच सांगलीची.